कायमची पाटी

सोमवारी संध्याकाळी मी माझ्या घराचं कुलूप काढलं, दार ढकललं, आणि आत मुग्धाचं घर होतं.

मी मागे वळून पाहिलं. जिना माझाच होता, दारावरचं तोरण माझं होतं, किल्लीही बरोबर लागली होती. आत मात्र मुग्धा ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. "आलात का ताई? बसा, चहा टाकते," ती म्हणाली. माझं घर इंदिरानगरला, तिचं मखमलाबाद रोडला. मध्ये अख्खं नाशिक पसरलेलं आहे. मी बसले. चहा चांगला झाला होता. खोटं का बोलू?

मुग्धा कोठावदे माझी विद्यार्थिनी. मी दर रविवारी माझ्या हॉलमध्ये सतरंजी घालून नव्या पोरापोरींना वेब सर्व्हर शिकवते. शिकवत होते. कॉलेजात हा विषय परीक्षेपुरता उरकतात, आणि मग नोकरीच्या मुलाखतीत मुलांची दातखीळ बसते, म्हणून मी हा वर्ग सुरू केला. फी नाही, येताना काहीतरी खायला आणायचं, एवढीच अट. मी त्यांना सांगते की वेब सर्व्हर म्हणजे दाराशी बसलेला राखणदार. येणाऱ्याला काय हवं ते त्याने ऐकायचं, आतून ते आणून द्यायचं, आणि मालक घर बदलून गेला असेल तर नवा पत्ता सांगायचा. या नव्या पत्त्याला आम्ही वर्गात पाटी म्हणतो. पाटी दोन तऱ्हेची. तात्पुरती पाटी वाचून पाहुणा नव्या पत्त्यावर जातो, पण पुढच्या वेळी पुन्हा जुन्या दाराशी येऊन विचारतो. कायमची पाटी तो पाठ करतो. मग तो जुन्या दाराकडे फिरकतच नाही, नंतर तुम्ही ती पाटी काढून टाकली तरीही. म्हणून आधी तात्पुरती लावा, चार दिवस बघा, आणि मगच कायमची करा, असं मी घसा फोडून सांगत आले आहे.

सरावासाठी सगळे शिक्षक खोटे पत्ते देतात. मला ते पटत नाही. खोट्या पत्त्यावर पोरं खोटंच शिकतात. त्या रविवारी मी माझ्या घराचा पत्ता दिला आणि प्रत्येकाला त्यावर आपापल्या घराची पाटी लावायला सांगितलं. मुग्धाने सगळ्यांच्या आधी हात वर केला. पाटीसाठी तिने सर्व्हरवर लिहिलेली ओळ मी सगळ्यांना वाचून दाखवली. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. "बरोबर आहे," मी म्हणाले, आणि तिने आणलेली अळूवडी खाल्ली. बाकीच्यांच्या पाट्या तात्पुरत्या होत्या, ती ओळ कायमची होती. माझ्या ते लक्षात आलं नाही असं नाही. मला वाटलं, हुशार पोरगी आहे, पुढे जायची घाई आहे, वर्ग संपला की काढेल. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय.

मंगळवारी दूधवाला मुग्धाकडे आला. तो माझ्याकडे कित्येक वर्षं येत होता. त्याने तिच्या पातेल्यात दूध ओतलं, तिला ताई म्हणाला, आणि रात्र तिथेच काढून कोपऱ्यात बसलेल्या मला विचारलं, "पाहुण्या का तुम्ही?" मी हो म्हणाले. त्या वेळी ते खरंच होतं.

माझं घर जागेवरच होतं. दुपारी मी रिक्षा करून गेले आणि रस्त्यावरून वर पाहिलं. बाल्कनीच्या दोरीवर माझी पिवळी ओढणी वाळत होती. मी जिना चढले, दार उघडलं, आणि मुग्धाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं. ती हॉलमध्ये सतरंजी घालत होती. माणसं वाढली तशी तिची खोली लांब होत चालली होती. पलीकडची भिंत आता मला नीट दिसत नव्हती. शेजारच्या जोशीकाकू तिथे वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. वर्गातली मुलं रविवार नसतानाही आली होती. त्यांनी मला बसायला मागे जागा करून दिली, आणि मुग्धाने राखणदाराचा धडा घेतला. उदाहरणं माझी होती. विनोदही माझे होते, आणि मुलं हसायची तिथेच हसत होती. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे तर वासे आधी फिरले होते.

माझा संताप होत होता. हिला मी अंधारात चाचपडत असल्यापासून शिकवलं होतं. बंगळूरच्या प्रशिक्षणाची एकच जागा आली तेव्हा मी हिचंच नाव कळवलं होतं. आणि हिने केसाने गळा कापला. तोही माझ्याच हातून शाबासकी घेऊन. सगळे गेल्यावर मी तिला विचारलं की हे का केलंस.

ती सतरंजीची घडी घालत होती. "माझ्याकडे कोणी येत नव्हतं, ताई," ती म्हणाली. "दिवाळीलासुद्धा नाही. आणि तुम्ही बरोबर आहे म्हणालात."

मी तसं म्हणाले होते, याचाच मला जास्त राग आला.

दूधवाला गेला तर गेला. जोशीकाकू गेल्या, त्यांची साखरही गेली. पण शुक्रवारी आई येणार होती. सटाण्याहून, एसटीने, पापडाचे डबे घेऊन. वडील गेल्यापासून ती वर्षातून एकदा माझ्याकडे राहायला येते, आणि मला या जगात तिच्याशिवाय कोणी नाही. पाटी लागल्यापासून ती माझ्या दाराशी आलेली नव्हती, म्हणजे तिने अजून काही पाठ केलेलं नव्हतं. ती यायच्या आत पाटी निघाली तर ती सरळ माझ्या घरी जाईल. तिच्याकडे माझ्या घराची दुसरी किल्ली असते, कनवटीला लावलेली. ती कुलूप काढेल, आत उभी राहील आणि हात धरून मला आत ओढेल. आईने आत ओढलं की कुठलीही पाटी चालत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. याला शास्त्राधार नव्हता.

बुधवारी मी मुग्धाच्या हातापाया पडले. शब्दशः पडले, तिची फरशी थंड होती. ती म्हणाली, "उठा हो ताई. काढायला माझी काय हरकत आहे? आता सगळ्यांचं पाठ झालंय." तिने माझ्यासमोर ती ओळ पुसली. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. मी तिच्या खांद्यावरून प्रत्येक अक्षर तपासलं. लबाडी नव्हती.

खात्रीसाठी मी गुरुवारी इंदिरानगरला जाऊन माझ्या इमारतीसमोर उभी राहिले. एक नवा कुरियरवाला आला. त्याने माझा पत्ता पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. तो जिना चढला, आणि माझ्या दारावरची बेल आतल्या रिकाम्या घरात वाजताना मी खालून ऐकली. माझीच बेल होती. मला रडू आलं. नव्या माणसांना वाट मोकळी झाली होती.

मी आईला फोन करून सांगितलं की तू स्टँडवरून एकटी रिक्षाने घरी ये, कुलूप काढ, आणि दार उघडून उंबऱ्याच्या आत उभी राहा. मी लगेच येते.

"एकटी कशी येऊ गं?" आई म्हणाली. "गुडघे धरलेत माझे. डबे जड आहेत. तू घ्यायला ये."

मी नाना सबबी सांगितल्या. तिने त्या ऐकून घेतल्या. मग म्हणाली, "नसेल जमत तर मी येतच नाही, विदू." तेव्हा मी हो म्हणाले. मी ठरवलं की आपण फक्त ओझं उचलायचं. पुढे तिला चालू द्यायचं, आपण मागे राहायचं. पत्ताही तिलाच सांगू द्यायचा.

शुक्रवारी सीबीएस स्टँडवर सटाण्याची गाडी लागली. आई उतरली, माझ्या गालावरून हात फिरवला, "किती वाळलीस गं," म्हणाली. तिने मला ओळखलं होतं. तिच्या हातातली पिशवी मी घेतली. तिला दम लागला होता, म्हणून तिला रिक्षात आधी बसवलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहत विचारलं, कुठे?

"आई, तू सांग," मी म्हणाले.

"मला कशाला? घर तुझं," आई म्हणाली. "ती सांगेल हो."

मी इंदिरानगर म्हणायला तोंड उघडलं. ते नाव माझ्या जिभेवर होतं. त्या आठवड्यात माझ्या दारातून आत शिरून सगळ्यात जास्त वेळा मुग्धाकडे कोण गेलं असेल, तर मी. मीच सगळ्यांत पक्कं पाठ केलं होतं.

"मखमलाबाद रोड," मी म्हणाले. "पाण्याच्या टाकीच्या पुढे, डावीकडे."

वाटेत मी आईचा हात धरून ठेवला होता. ती पापड कसे वाळवले ते सांगत होती. मी दोनदा रिक्षा थांबवायला सांगू पाहिलं, आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडून सरळ चला असंच निघालं.

मुग्धाने दार उघडलं. तिने साडी नेसली होती. ताटं वाढून ठेवली होती. तिने वाकून आईला नमस्कार केला आणि माझ्याकडे पाहून खऱ्या कृतज्ञतेने म्हणाली, "बरं झालं तुम्ही घेऊन आलात. नाहीतर त्या सरळ तिकडेच गेल्या असत्या."

आईने उंबऱ्याशी चपला काढल्या. मी तिचा पदर धरला. तो माझ्या हातातून अलगद सुटला, कारण ती आत गेली होती. आत गेल्यावर तिने कनवटीची किल्ली काढली आणि न पाहता दारामागे हात नेला. माझ्या घरी दारामागे एक खिळा आहे, आई दरवर्षी तिची किल्ली तिथे अडकवते.

इथेही खिळा होता. तिने किल्ली अडकवली.

"किती वाळलीस गं," ती मुग्धाच्या गालावरून हात फिरवत म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. मी अजून पिशवी धरून दारात उभी होते.

"ठेवा हो तिथंच," आई म्हणाली. "फार जड होती का?"