कातड्याचा खांदा

"ह्या हातान मी खिळे काढूचंय नाय, पाद्रीबाब. दुसरो कोण तरी बघा."

लाझार सुताराने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि बाजारात मासा दाखवावा तसा टेबलावर ठेवून दाखवला. पावसाळ्यात वाताचा झटका आला, तेव्हापासून तो हात नुसता सोबतीला होता.

गुड फ्रायडेला क्रूसावरच्या येशूला खाली उतरवायचा मान लाझारच्या घराचा. मूर्ती लाकडाची, पण खांद्याला कातड्याचे सांधे. खिळे निघाले की हात माणसासारखे खाली येतात. ते सांधे लाझारनेच बसवलेले.

"देवान न्याय केल्यान," लाझार म्हणाला. "ज्या हातान इनासाक मारलंय, तोच मेलो."

"तर काय!" दारातून त्याची बायको रुझाय करवादली. "देवाक दुसरी कामा नाय! तुमच्या हातार पाळत ठेवन बसलो हा!"

इनास हा त्यांचा एकुलता एक, आणि एक नंबरचा वात्रट. पवित्र गुरुवारपासून ईस्टरपर्यंत इगर्जीची घंटा मुकी असते, लाकडाची माट्राक तेवढी खटखटते. पोरानं हे बरोबर हेरलं. शुक्रवारी भर दुपारी सगळा गाव गुडघ्यांवर असताना वर चढून त्यानं घंटा बडवली! येशू दोन दिवस आधीच उठला म्हणून म्हाताऱ्या आनंदानं रडायला लागल्या. सांतान तांडेल तर घरी पळाला आणि उपास सोडून तळलेला बांगडा खाऊन मोकळा झाला.

गाव महिनाभर हसला. लाझार हसला नाही. बाप ज्याच्यावर माया करतो त्यालाच शिस्त लावतो, हे त्यानं पाद्रीबाबांच्या प्रवचनात, शेरमावात ऐकलेलं. मग चिंचेचा फोक मोडेपर्यंत त्यानं माया केली.

ईस्टरच्या पहाटे इनास मुंबईच्या बोटीत बसला. पुढे कुठल्या जहाजावर चढला, कुठल्या पाण्यात आहे, देवाला ठाऊक. त्याला आता वर्षं झाली.

पाद्रीबाबांनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

"लाझार, तुझ्या बापाशीन तुका कधी मारल्यान?"

"मारल्यान तर! रंधो मोडलंय म्हणान."

"मगे खंय गेलो तो?"

"जातलो खंय? थयच बसलो. माझ्या पाठीक खोबरेल चोळी होतो."

"आणि इनासाक मारून तू खंय गेलंस?"

लाझारनं खिडकीबाहेर पाहिलं. माडाची सावली हलली, पुन्हा जागेवर आली.

"मी... जेवक बसलंय."

पाद्रीबाबांनी तपकीर ओढली, दोनदा शिंकले. "देव मारून जेवक बसणारो न्हय रे. शुक्रवारी ये."

शुक्रवारी समुद्र दुधासारखा निपचित होता. इगर्जीत मेणाचा वास आणि जांभळे पडदे. त्या उजेडात माणसं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी दिसत होती. माट्राक खटखटत होती. लाझार शिडी चढला. खिळा काढायच्या आधी हाताखालून पांढऱ्या कापडाची झोळी घालायची, ही बापजाद्यांची रीत. पण झोळीला दोन हात लागतात. उजव्या बोटांत कापड थांबेना. ते तरंगत तरंगत खाली गेलं. आणि सवयीनं त्यानं डाव्या हातातल्या पकडीनं खिळा ओढला.

तो लाकडाचा हात सुटला, झुलला आणि लाझारच्या मानेवर येऊन टेकला.

खाली माणसं उठून उभी राहिली. "पडतलो! कोण तरी चढा रे वर!" सांतान तांडेल ओरडला.

"कोण चढू नका," रुझाय म्हणाली. "ऱ्हवांदे तेका थोडो."

माट्राक थांबली. मानेवरचा भार जुना, ओळखीचा होता. तेल चोळून दमलेला बापाचा हात टेकावा तसा. लाझारनं तो बाजूला केला नाही. मान हलणार नाही अशा बेतानं त्यानं फक्त डोळे वर केले, इनासनं बडवलेल्या घंटेच्या दोरीकडे.

दोरी वाऱ्यानं किंचित हलत होती.