हिरव्या कॉफीघरातली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी खुर्ची आहे. अंग लाकडाचं, बैठक गवताच्या दोरीने विणलेली. आमच्या डोंगराळ ग्रीक गावात चौकाच्या एका अंगाला उजव्या पक्षवाल्यांचं निळं कॉफीघर आहे आणि समोर आमचं, समाजवाद्यांचं, हिरवं. निळ्यातला माणूस तहानेने कासावीस झाला तरी आमच्याकडे पाणी मागत नाही.

लष्करी राजवट कोसळली त्या उन्हाळ्यात तुरुंगातून सुटलेला अनार्गिरोस माझ्यावर चढून बोलला होता. फरशी उंचसखल, म्हणून पानागोस सुताराने माझा मागचा पाय दोन्ही हातांनी दाबून धरला होता. "म्हाताऱ्यांच्या घासाला कोणी हात लावणार नाही," असं अनार्गिरोस म्हणाला, तेव्हा टाळ्यांनी माझी दोरीसुद्धा थरथरली.

तो खासदार झाला, पुढे मंत्री झाला. गावी आला की माझ्यावरच बसायचा. मग देशावर कर्जाचं संकट आलं आणि पेन्शन कापायच्या ठरावाला त्याने होकार दिला. त्यानंतर तो आलाच नाही. मला शेगडीजवळ ढकललं गेलं. कोरड्या उष्णतेने लाकूड आकसलं आणि तोच मागचा पाय सैल झाला.

यंदा ईस्टरला तो दारात उभा राहिला. पत्ते खेळणारे हात थांबले. तो सरळ माझ्याकडे आला, तसा पानागोसने माझ्यावर पाय ठेवला.

"ही मोकळी नाही."

"कोणाची आहे?"

"हिच्यावर उभा राहून जो बोलला होता, त्याची. तो यायचाय अजून."

अनार्गिरोस मालकिणीला म्हणाला, "स्तामाता, सगळ्यांना माझ्याकडून कॉफी."

सगळ्यांनी आपापल्या कपांवर तळहात ठेवले.

"आलेल्याला बसलेल्याने पाजायचं असतं," पानागोस म्हणाला. "अथेन्सात राहून एवढंही विसरलास? स्तामाता, याला माझ्याकडून दे. उरलेल्या पेन्शनीत एक कप बसतो. पण उभ्यानेच पिऊ दे."

तो उभ्यानेच प्यायला, तळाच्या गाळापर्यंत.

"बँका बुडाल्या असत्या, पानागोस. मला दुसरी वाट दिसली नाही."

"मग तेच इथे येऊन सांगायचंस की. चढायला खुर्ची होती."

अनार्गिरोसने माझ्या पाठीवर हात टेकला. मी डगमगले.

"हिचा पाय सैल झालाय."

"आज कळलं तुला?"

त्याने कोट काढला आणि कण्हत गुडघ्यांवर बसला. पानागोस उठला. मग शेजारच्या आपल्या दुकानातून सरस घेऊन आला. त्याने सांधा भरला, आणि या खेपेला पाय दाबून धरला अनार्गिरोसने.

"आता बसू?"

"बसलास तर पुन्हा निखळेल. सरस वाळू दे. उद्या ये आणि काय झालं ते सगळ्यांसमोर सांग. बसायचं की नाही, ते मग बघू."

मित्रांनो, मी भिंतीला टेकून वाळते आहे. तो उद्या येईल का, हे मला ठाऊक नाही. पण तुमच्या घरी एखादी खुर्ची असेल, तर तिच्यावर चढायची वेळ येण्याची वाट पाहू नका. अधूनमधून नुसतंच वाकून तिचे सांधे चाचपत जा.