सातव्या चंबूचं घराणं

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे: प्रयोगशाळेत तिने सात नंबरचा काचेचा चंबू उजेडासमोर धरला आणि त्यावरचा नंबर दोनदा वाचला. कालपर्यंत पाण्यासारखा नितळ असणारा तो आज तांदळाच्या धुवणासारखा गढूळ झाला होता.

उबदार खोलीत बाकीचे अकरा चंबू पाळण्यातल्यासारखे डुलत होते. एकाच आईचे जंतू, बारा घरं. रोज सकाळी प्रत्येकातला एक थेंब नव्या खाऊत घालायचा, बस्स. तिचा चहा होईतो आत कुणीतरी आजी व्हायची, जेवण होईतो खापरपणजी. चार वर्षं ती हा गोतावळा सांभाळत होती. त्यात सातवा म्हणजे रडतराऊ. कधीतरी त्याच्या एका जनुकात बदल झाला, नि तेव्हापासून तो पांगळाच; जंतू वाढले की चंबू गढुळतो, याचा कधी गढुळलाच नाही.

"बाहेरचं काहीतरी शिरलंय," सर म्हणाले. "काल ताप होता ना तुला? शेजारचा थेंब पडला असेल यात. ओतून टाक."

"सर, चार वर्षांचं घराणं आहे हो!"

"भेसळ झाली, मग उरलं काय?"

काच धुणाऱ्या काकू मोरीपाशी पुटपुटल्या, "पोरगं पहिल्यांदा पास झालं, तर म्हणे कॉपी केली."

"काकू!"

"मी भिंतीशी बोलतेय."

तिची स्वतःचीही खात्री नव्हती. कालचा दिवस तापात विरघळून गेला होता. थेंब घालणारा हात आठवत होता, चंबूचा नंबर नाही. तिने एका दिवसाची मुदत मागितली आणि सातातला थेंब काचेच्या बशीत पसरला. ओळखीसाठी सुरुवातीलाच दिलेल्या खुणेमुळे या बशीत विषम नंबरांची घराणी लाल ठिपके धरतात, सम नंबरांची पांढरे. शेजाऱ्याशी गफलत झाली की रंगच चुगली करतो.

दुसऱ्या दिवशी तिने श्वास रोखून झाकण उचललं. लाल. डाळिंबाचे दाणे सांडावेत तसे, सगळे लाल.

"मग कारण शोध," सर म्हणाले.

त्यात तीन महिने गेले. सातात आणखी एक बदल झाला होता. तो एकटा मूळ जंतूंत घातला, तर ते मरगळले. जुना बदल एकटा घातला, तर लंगडले. दोन्ही मिळून घातले, आणि ते असे सुटले की मागे वळून बघेनात.

"माझ्या दोन जावा!" काकू म्हणाल्या. "एकटी आली की भांडण. दोघी आल्या की अख्खं लग्न रेटून नेतात."

सरांनी तिच्या निकालांचा कागद वाचला, चष्मा काढला. "चुकलो गं. तुझा हात बरोबर होता."

बरं, एवढं सरांचं बोलणं माझ्या पदरचं. खरं तर सर कागद ठेवून उठले. उबदार खोलीत स्टूल ओढून सातासमोर बसले, त्याच्याबरोबर मान डोलवत राहिले, आणि हळूहळू त्यांचा डोळा लागला. तिने दार अलगद लोटलं आणि काकूंना काचा जरा आवाज न करता धुवायला सांगितलं.