डाव्या टोकाची खुर्ची

“लेन्स कुठं पडली असेल तर आत्ताच सांगा. तसं असेल तर वॉरंटी मिळणार नाही,” संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरमधला माणूस म्हणाला.

“न्हाई हो साहेब, लेकरासारखी जपली. घेऊन महिना न्हाई झाला,” रामप्रसाद काकुळतीला आला. तीर्थपुरीत त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नसराईच्या तोंडावर हौसेनं घेतलेल्या या नव्या लेन्समधून काही फोटो अस्पष्ट येत होते, कारण काही उमगत नव्हतं.

अर्ध्या तासानं त्या माणसानं चाचणीचा फोटो समोर धरला. मधली अक्षरं कोरल्यासारखी, डाव्या कडेची पुसट. “आतली काच तिरकी बसलीय, कारखान्यातूनच. डावं टोक धूसरच येणार. दुरुस्ती फुकट होईल.”

खरं तर रामप्रसादनं सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण डावं टोक म्हटल्याबरोबर त्याला द्वारकाबाई आठवल्या, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आकांक्षाच्या लग्नातला फोटो. नवरानवरी मधे, डाव्या टोकाच्या खुर्चीवर तिची आजी, द्वारकाबाई. चार वेळा काढला, चारही वेळा सगळे स्वच्छ आणि आजींचा तेवढा चेहरा फिसकटलेला. म्हाताऱ्या माणसाची मान हलते, हे धरूनच चाललेला तो सगळ्या वऱ्हाडासमोर खेकसला होता, “आजी, हलू नका हो! तुमच्यापायी सगळे ताटकळून राह्यले!” नवरदेवाकडचे खुदकन हसले. आजी आपणहून उठल्या. “काढ बाबा जल्दी. माझं काय एवढं!” पाचवा फोटो त्यांच्याशिवाय निघाला. फोटोग्राफर साहेब मोठे तज्ज्ञ ना, यंत्रावर संशय घ्यायचं त्यांना सुचलंच नाही.

दुरुस्त लेन्स हातात आली त्याच दिवशी तो द्वारकाबाईंच्या घरी गेला. भिंतीवर तोच फोटो होता, डाव्या टोकाला रिकाम्या खुर्चीसकट.

“आजी, त्या दिवशी तुम्ही हलल्याच न्हवत्या. माझी लेन्सच खराब होती. ही बघा, सेंटरची चिठ्ठी. चुकलं माझं.”

द्वारकाबाईंनी चिठ्ठीकडं पाहिलंही नाही. “माझं मन राखून राह्यला व्हय रे? लई गुणाचा हाईस.” मग सुनेला हाक मारली, “नंदाबाई, आकांक्षाच्या लग्नातलं लुगडं काढ माझं. रामप्रसाद फोटू काढाया आलाय!”

हा ‘गुणाचा’ शब्द त्याला शिवीपेक्षा जास्त लागला. पुन्हा समजावलं, तर त्या नुसत्या हसल्या.

लुगडं नेसून त्या ओसरीवर बसल्या. डोकं मागं खांबाला टेकवलं, एका हातानं खांब घट्ट धरला. “घे. आता बिलकुल हलत न्हाई.”

रामप्रसादनं कॅमेरा डोळ्याला लावला. आजींचा चेहरा सुरकुती न् सुरकुती स्वच्छ दिसत होता. छाती मात्र वरखाली होत नव्हती.

“आजी, श्वास तर घ्या.”

“आधी तू काढ,” ओठ न हलवता त्या म्हणाल्या.