आईने हुंगलेल्या सात्या

भाद्रपदात आईच्या पदराला ओल्या वारुळाचा वास येई. आरमोरीजवळच्या आमच्या गावात त्या दिवसांत रानात वारुळांवर सात्या उगवतात. इतर मुलूख त्यांना अळंबी म्हणतो. धानाच्या बांधावरून परतणाऱ्या बायका टोपल्या घेऊन थेट आमच्या ओसरीवर थांबत. पानांआडून झिरपणाऱ्या हिरवट उजेडात आई डोळे मिटून सात्या एकेक करून नाकाशी नेई, आणि तिच्या मुद्रेवर गंभीर, अलिप्त शांतता उतरे. एखादी विषारी वाटली की ती अंगणात भिरकावी. तिने हुंगल्याशिवाय गावात सात्यांची भाजी चुलीवर चढत नसे आणि, उगाच कशाला लपवू, मला याचा फार गर्व होता.

यंदा शेजारच्या सुमनबाईंनी टोपली आणली. आईने तशीच डोळे मिटून ती हुंगली.

"रांध वं, चांगल्या आहेत."

मी दारात होते. सडका, उग्र दर्प मला तिथवर येत होता. सुमनबाईंनाही येत असणार, पण आईच्या शब्दापुढे त्यांनी स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवला नाही. मी टोपली हिसकावून घेतली. त्यांच्या घरी जेवणारी चार माणसं होती.

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूतल्या पेशी मरू लागल्या की पुष्कळदा गंध आधी जातो. नावं, चेहरे, वाटा मागाहून. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणजे कितीतरी ऋतू आईच्या आत निःशब्दपणे काही विझत होतं आणि आम्ही तिच्या हातचं जेवत, हसत होतो. मला अजून राग येतो. कोणाचा, ते कळत नाही.

मग मी घरोघर सांगून आले, आईकडे टोपली आणू नका. बायका आता मागच्या गल्लीने जातात. आई मात्र रोज सकाळी ओसरी झाडून बसते.

सुमनबाईंची टोपली ती विसरली होती. काल तिने विचारलं, "काऊन वं, यंदा सात्या निघाल्याच नाईत का?"

"नाई निघाल्या, आई."

माझा चेहरा पाहून तिनेच मला धीर दिला. "निघतील पुढल्या साली. मी आहो ना."

पुढल्या साली सात्या निघतीलच. तेव्हाही मला हेच खोटं बोलावं लागलं तरी चालेल. तिने विचारावं, एवढंच मी आता काळाकडे मागते.