मेहुण्यावर मात

बायको गेल्यापासून शिंप्याकडे रविवारी एकच माणूस यायचा, तो म्हणजे तिचा थोरला भाऊ. दोघे बुद्धिबळाचा पट मांडायचे आणि दर वेळी शिंपीच हरायचा. "दाजी, तुमचं डोकं कात्रीपुरतंच चालतं बघा," असं म्हणत मेहुणा खुशीत घरी जायचा.

साठी उलटल्यावर शिंप्याला हे बोलणं लागायला लागलं. त्याने मुलीकडून मोबाइलवर बुद्धिबळाचे धडे लावून घेतले. शिवणयंत्राशेजारी पट मांडून तो एकेक चाल घोटू लागला. डोळे चुरचुरायचे, काल शिकलेलं आज आठवायचं नाही, तरी त्याने चिकाटी सोडली नाही.

हळूहळू त्याला दिसू लागलं, की मेहुणा काही मोठा खेळाडू नव्हे. तो घाईने वजीर पुढे काढायचा आणि राजा उघडा टाकायचा. शिंपी लागोपाठ जिंकू लागला, तसं मेहुण्याचं बोलणं आटलं. एका रविवारी त्याचा पडलेला चेहरा पाहवेना, म्हणून शिंप्याने आपला हत्ती मुद्दाम मारात ठेवला.

मेहुण्याने हत्तीला हात लावला नाही. "हरलो तर हरलो, दाजी," तो हळू म्हणाला, "पण असं नको."

"अहो दादा, लक्ष नव्हतं माझं."

"होतं."

डाव अर्धा टाकूनच तो उठला. पुढच्या रविवारी गुडघा दुखतो असा निरोप आला. मग निरोपही येईनासे झाले.

शिंपी आता मोबाइलशीच खेळतो. बहुतेक वेळा जिंकतोही. मग मोबाइल बाजूला ठेवतो, आणि रविवारची संध्याकाळ सरता सरत नाही.