अळणी वरण

प्रशिकने वरणाची वाटी भिरकावली ती थेट चंद्रभानच्या कपाळावर बसली. कातडी फाटली. रक्त मात्र गालावर न येता केसांत उतरलं, कारण हॉलमधल्या खाटा डोक्याकडे उतरत्या होत्या.

बेसा रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेत दोघे दोन महिने असेच पडून होते, पाय वर, डोकं खाली. अंतराळात वजन हरवलेल्या शरीराचं काय होतं, ते जमिनीवर असं पाहतात. रक्त डोक्याकडे चढतं, नाक चोंदतं, चव जाते. भार नसलेली हाडं कॅल्शियम सोडू लागतात. मिठाने ते आणखी जातं का, हे प्रयोग चालवणाऱ्या दीप्तीला तपासायचं होतं. म्हणून एकाला खारट जेवण, दुसऱ्याला अळणी. फरक मात्र कोणालाच सांगायचा नाही. आज वाढताना चुकून ताटांची अदलाबदल झाली आणि प्रशिकने चंद्रभानच्या वरणाचा घास घेतला.

"तुही मावशी रांधते म्हणून तुले मीठ, अन् मले हे जनावराचं?"

स्वयंपाकघरातल्या रुख्मिणीबाई चंद्रभानच्या खरोखरच मावशी होत्या.

"खाटेवरून काय भुंकून राहिला गा पहिलवान?" चंद्रभान हसला. "ये न खाली. का लंगोट सुटला झोपून झोपून?"

दीप्ती धावली. प्रशिक हुडकेश्वरच्या आखाड्यातला, दसऱ्याच्या कुस्त्यांच्या दंगलीवर डोळा ठेवून असलेला. त्याच्या पोटऱ्या किती वाळल्यात हे तिने स्वतः मोजलं होतं.

"प्रशिकभाऊ, उठू नका. पायांत जोर उरला नाही तुमच्या."

"मंग सांगा न मॅडम. मले काहून अळणी?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग सगळा प्रयोग मातीत जाणार होता.

"नियमाप्रमाणेच आहे सगळं," ती म्हणाली.

प्रशिक उठला. तोंड पांढरंफटक पडलं, तरी त्याने चंद्रभानला गळ्याला धरून खाली ओढलं. चंद्रभानने त्याच्या बरगडीत गुडघा घातला, मनगटाला कडकडून चावा घेतला. प्रशिकने त्याचं तोंड फरशीवर आपटलं, पुन्हा आपटलं. एक दात उडून खाटेखाली गेला. चंद्रभानने स्टीलचा ग्लास त्याच्या कानावर हाणला. मग प्रशिकने जुन्या सवयीने त्याला पाठीवर घेतलं, टाच रोवली आणि जोर लावला.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. टाचेमागची शीर तुटून पोटरी वर गोळा झाली होती. प्रशिक कोसळला. तो नुसता पायाकडे बघत राहिला.

दीप्ती गुडघ्यांवर बसली. "मिठाचा प्रयोग होता, प्रशिकभाऊ. मीठ हाडं झिजवतं का ते बघायचं होतं. तुमचं मीठ मीच काढत होते."

"आता सांगता?" प्रशिक म्हणाला.

मागे चंद्रभान रक्त थुंकला. "म्हणजे झिजवायचं मीठ मले चारून राहिल्या होत्या?"

चंद्रभानने फरशीवर चाचपडत तो ग्लास पुन्हा उचलला. या वेळी त्याची नजर प्रशिकवर नव्हती.